डेकवरची बाबागाडी

दुपारचं कोबीचं सूप पोटात गेलं की झगा चढवायचा, टोपीच्या फिती हनुवटीखाली बांधायच्या आणि बाबागाडी ढकलत डेकवर फिरायचं, हे खलाशी त्यार्कचं नेमून दिलेलं काम. ही 'एल्फ्रीड' बोट पूर्वी हॅम्बुर्गला केळी आणायची. युद्ध पेटलं आणि जर्मन कैसरच्या आरमाराने तिच्या पोटात तोफा दडवल्या, वर तटस्थ नॉर्वेचा झेंडा लावला. डेकवर बाई नि लेकरू दिसलं की शत्रूची मालवाहू बोट बिनघोर जवळ येई. गाडीत असायचं भुसा भरलेलं गाठोडं, त्यावर लोकरीचं टोपडं.

"वहिनी, दाढी केलीत ना?" कठड्याआड दबून बसलेला ओन्नो सुतार म्हणाला. गाडी त्यानेच ठोकली होती.

"तुझ्याशी लगीन लागलं असतं, तर कधीच सुपात विष कालवलं असतं!" त्यार्क पुटपुटला.

त्या दिवशीची इंग्रज बोट इतकी जवळ आली, की तिच्यावर उभी असलेली बाई स्वच्छ दिसली. तिने कडेवरचं मूल उंच धरलं, त्याचा इवलासा हात हलवून दाखवला. त्यार्कनेही, कसा कोण जाणे, गाठोडं उचललं आणि हात हलवला. दडून बसलेले खुसखुसले.

मग 'एल्फ्रीड'वरचा झेंडा बदलला. तोफांपुढच्या फळ्या धाडकन पडल्या, तोफा कडाडल्या. धूर विरला तेव्हा समोरची बोट एका अंगावर कलली होती, आणि त्यार्कचा हात अजून वरच होता.

वाचलेल्यांना वर घेतलं, त्यात ती होती. नखशिखांत निथळत. हात मूल धरल्यासारखे वाकलेले. मधे काहीच नव्हतं. ती रडली नाही. थेट त्यार्कपुढे आली, हात पुढे केले आणि काहीतरी बोलली. तिची भाषा त्याला येत नव्हती. तरी कळलं.

द्या इकडे... भूक लागली असेल त्याला.

त्याने गाठोडं दिलं. ती पाठमोरी बसली, ओल्या शालीआड ते छातीशी घेतलं. डॉक्टर पुढे झाला, तसा कप्तान हळूच म्हणाला, "राहू दे."

उन्हं उतरायच्या आत ती गेली. मिठी सुटेना, म्हणून ओन्नोने गाठोड्यासकट तिला शिडाच्या कापडात शिवलं. शिवताना तो मध्येच थांबला.

"भुसाच आहे, त्यार्क... मीच भरला होता. माझ्या हातांनी."

दोघांना समुद्राच्या हवाली केलं.

पुढच्याच आठवड्यात क्षितिजावर पुन्हा धूर दिसला.

"झगा चढव," कप्तान म्हणाला.

"गाडी रिकामी आहे, साहेब."

"लांबून कुणाला दिसतंय? चालत राहा."

त्यार्क चालू लागला. कठड्याआडून ओन्नोने मान वर केली. काहीतरी चेष्टा करायला त्याने तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

"त्यार्क... छातीवर काय सांडलंय?"

त्यार्कने खाली पाहिलं. झग्यावर दोन ओले, गोल डाग होते. त्याने बोट लावलं. कोमट होतं. बोट नाकाशी नेलं.

दूध. अजून झिरपत होतं.