शलमोन मास्तरांच्या शेजारची खाट

गोरक्ष, उद्या मास्तरांची भाकरी तूच घेऊन जाणार न्हवं? मग एक ध्यानात ठेव. त्यांना नावानं हाक मारू नको. नुसतं मास्तर म्हण.

का म्हंजे? ह्या दुष्काळी खडीच्या कामावर मुकादम हजेरी घेतो, तवा मास्तर आपल्या नावाला कधी ओ देतात का? न्हाई देत. मुकादम आता त्यांचं नाव घेतच न्हाई. नुसतं बगतो आन् खूण करतो.

कंदील जरा बारीक करा रं कुणीतरी. सांगतो. ह्यातलं थोडं माझ्या डोळ्यादेखतचं हाय, बाकीचं मास्तरांनी सोता सांगितलेलं.

एकाहत्तर साल. मास्तर तवा मिरजगावात शाळेवर हुते. त्यांची बायको दया बाळंतपणात गेली, मूल बी गेलं. मास्तर रडले न्हाईत. दफन झालं, दुखवटा झाला, मग शाळेत गेले आन् फळ्याकडं तोंड करून उभे ऱ्हायले. शाळा सुटली तरी तसंच. मग खाणं तुटलं, झोप तुटली, बोलणं तुटलं. त्यांचा धाकटा भाऊ गिदोन माझा मैतर. तो म्हणला, "कानिफ, दादाला पुण्याकडं न्यायला पायजे. माझ्या एकट्यानं व्हायचं न्हाई." दिवाळी नुकतीच झाली हुती. आमी दोघं त्यांना घेऊन गेलो.

गावात लोक म्हणायचे, वेड्यांच्या दवाखान्यात साखळीनं बांधत्यात. तसं काई न्हवतं. लांबलचक कौलारू वॉर्ड, भिंतीला नवा चुना दिलेला. डागतर शांतपणी बोलला. मास्तरांचे कपडे काढून घेतले, तिथले घातले, केस बारीक केले. आमी निघालो तरी मास्तरांनी मागं वळून बगितलं न्हाई.

तिथं घंटा झाली की उठायचं. छगन नावाचा वॉर्डबॉय हातावर गोळी ठेवायचा, गिळली का ते तोंड उघडून दाखवायला लावायचा. दुपारी बागेत खुरपायचं, न्हाईतर खाटेवर बसून ऱ्हायचं. दिस बुडायच्या आत जेवण. मग बाहेरनं कुलूप. मास्तर मला म्हणाले, "वाईट वाटत नव्हतं, कानिफ. चांगलंही नाही. कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं."

पैल्या रातीला शेजारच्या खाटेवरनं आवाज आला.

"नवा दिसतोस."

मास्तर वर कौलांकडं बगत ऱ्हायले.

"भिऊ नको. सकाळी तुला खायाला देनार न्हाईत. डोक्याला करंट द्यायला नेत्याल. दातात रबर देत्याल, ते घट्ट धर. पुढचं काई कळत न्हाई. जागा झालास की डोकं ठनकंल आन् नाव आठवनार न्हाई. मी सांगीन तुला."

तसंच झालं. मास्तर जागे झाले, वर कौलं दिसली, पर आपण कोण ते काई केल्या आठवंना. रातीला शेजारनं हळूच आवाज आला, "तुजं नाव शलमोन. बायको दया. ती गेली." मास्तरांना रडू आलं न्हाई. कुणीतरी सांगितलं, एवढंच बरं वाटलं.

करंट दिला की रातीला हेच. म्हैनाभर. मधी एकदा मास्तरांनी छगनला इचारलं, "माझ्या शेजारचे गृहस्थ दिवसा कुठं असतात?"

"तुमच्या शेजारी भिंत हाय, मास्तर. खाट हुती. काढली."

"आणि माणूस?"

"त्याला न्यायला कुनी आलंच न्हाई," छगन म्हणला, आन् गोळ्या वाटत पुढं गेला.

मास्तर भ्याले न्हाईत. भ्यायला जे लागतं, तेच आत उरलं न्हवतं म्हणाले.

मग तो गुरुवार आला. नोव्हेंबरातला शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आमी न्यायला येणार हुतो. वॉर्डात सगळे गोळ्या घेऊन निजलेले.

"उद्या जानार तू."

"हो."

"मी तुजं नाव सांगत आलो."

"हो."

...

"आता माजं सांग."

मास्तर म्हणाले, "मला माहीत नाही."

खाट करकरली. खाट न्हवती तिथं... तरी करकरली. कानापाशी गार वारं लागलं.

"सांग."

मास्तरांनी लई आठवलं. डोक्यात काई न्हवतं. एकच नाव हुतं. तेच दिलं.

"शलमोन."

कानापाशीचं वारं थांबलं... मास्तरांना वाटलं, गेला.

मग आवाज आला.

"बरं. मग तू कोन?"

...

सकाळी आमी पोचलो. मास्तर आपल्या कपड्यात व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले. बाकीचे समदे बागेत, उन्हाला. वॉर्डाला कुलूप. छगननं पायरीवरनं हाक दिली, "शलमोन..."

मास्तर हलले न्हाईत.

"दादा, तुला बोलावत्यात," गिदोन म्हणला. मास्तरांनी त्याच्याकडं बगितलं. ओळख हुती डोळ्यात. पर ओ न्हाई.

ओ आतनं आली. कुलपाआडनं.

"जी."

गिदोनचा हात माझ्या दंडावर आला. छगननं आत बगितलं न्हाई. "न्या ह्यांना," म्हणला. "लवकर न्या."

येताना एसटी चुकली, रात काष्टीच्या स्टँडवर काढली. तिथं मास्तरांनी मला हे समदं सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. आता बरे हायेत. खातात, झोपतात, काम करतात. दयाची आठवण काढून परवा रडले सुदीक. नावाला तेवढी ओ देत न्हाईत.

आन् एक गोष्ट मी गिदोनला अजून सांगितलेली न्हाई.

निघताना मास्तरांचं कांबळं आत ऱ्हायलं हुतं. गिदोन दादाला धरून उभा, म्हणून मी गेलो. छगननं कुलूप काढलं, पर उंबऱ्याच्या आत आला न्हाई. रिकाम्या खाटा. टोकाला मास्तरांची. तिच्या पलीकडं... भिंत.

नव्या चुन्यावर नखानं वरबाडलेलं हुतं. निजलेल्या माणसाचा हात पोचंल तिथपासनं पार खाली फरशीपतुर. शलमोन. शलमोन. शलमोन... मास्तरांचं अक्षर मला ठावं हाय. ते न्हवतं. नवं नवं लिहायला शिकलेल्याचं असतं, तसं वाकडं.

मी कांबळं उचललं. वाकलो हुतो, म्हणून दिसलं.

शेवटचं नाव अर्धंच हुतं, आन् त्याच्याखाली चुन्याची भुकटी अजून झडत हुती.