पदकाची कवळी

"कवळी बदलली," असं म्हणून चित्रकलेच्या बाईंनी पिशवीतून एक प्लास्टरचा जबडा काढला आणि टेबलावर ठेवला.

भाऊजींनी आपला चहाचा कप लांब सरकवला. वरचा जबडा, पांढरा आणि बिनदातांचा. चहाबरोबर बघावी अशी ती वस्तू नव्हती.

वहिनींनी मात्र तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. खाजगी चौकशीचं हे ऑफिस त्या एकटीच्या जिवावर चालवत. नवरा गेल्यावर धाकटा दीर, म्हणजे भाऊजी, बँकेतून निवृत्त होऊन त्यांची गाडी चालवू लागला. गाडी भाऊजी चालवत आणि डोकं वहिनी. दोघांचीही तक्रार नव्हती.

"जबडा कोणाचा?"

"माझ्या बाबांचा. मी दंतवैद्यकाच्या कॉलेजात होते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एका पेशंटसाठी वरची कवळी करायची, तीच परीक्षा. मी बाबांना आणलं होतं, त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. ठसा घेतला की त्यातून दोन जबडे ओतायचे. एक कामाला, एक पहिला फुटला तर असावा म्हणून. हा तो दुसरा."

"कवळी जमली?"

"आदल्या दिवशी बाबांनी घालून पाहिली. आरशासमोरून हलेनात." बाई किंचित हसल्या. "परीक्षेला कवळ्यांवर नंबराच्या चिठ्ठ्या लावून त्या टेबलावर मांडल्या. परीक्षक आत, पेशंट बाहेर. मी पाहते तर माझा नंबर भलत्याच वेड्यावाकड्या कवळीवर, आणि माझ्या कवळीवर वर्गातल्या एका श्रीमंत मुलाचा. मी म्हटलं, बाबांना आत बोलवा, घालून बघा. मुख्य परीक्षक त्या मुलाचे काका. ते म्हणाले, दुसऱ्याचं काम आपलं म्हणते, हिला बाहेर काढा. मला काढलं. त्याला सुवर्णपदक मिळालं, आणि पदकाबरोबर पदकाची कवळीही कॉलेजच्या काचेच्या कपाटात गेली. तीच आज बदलली."

"मग इतक्या वर्षांनी तिथे गेलात कशाला?" भाऊजींनी विचारलं.

"वर्गाचा मेळावा आहे आज. आमच्या मॉनिटरने आग्रहाने बोलावलं. झालं गेलं विसर आणि ये म्हणाला. संध्याकाळी तिथल्या नव्या सभागृहाला त्या पदकवाल्याचं नाव देणार आहेत. एकदा ती पाटी लागली, की मी कायमची चोर."

सकाळी बाईंनी कपाटात स्वतःची कवळी पाहिली. मग चहाच्या टेबलाशी न राहवून बोलून गेल्या, की संध्याकाळी सगळ्यांसमोर हा जबडा त्या कवळीत बसवून दाखवणार. ऐकायला तिघं होते: पदकवाला, मॉनिटर आणि त्याच वर्गातले आताचे प्राचार्य. त्यानंतर ग्रुप फोटोसाठी सगळे अंगणात गेले. परत येऊन बाई बघतात, तर कपाटात दुसरीच कवळी.

"म्हणतात, चष्मा बदल. पोलिसांना बोलावते, सगळ्यांच्या बॅगा तपासायला लावते म्हटलं, तर हसले."

वहिनी उठल्या. "भाऊजी, गाडी काढा."

मेळावा रंगात आला होता. कोणाला किळस यावी इतका रंगात. माईकवर एक टकले गृहस्थ सांगत होते, की हॉस्टेलमध्ये नव्या मुलाला टेबलावर उभं करून पेशंटची वापरलेली कवळी त्याच्या तोंडात कशी कोंबली होती. मुलगा ओकेपर्यंत सोडलं नाही. ऐकणारे पोट धरून हसत होते. ही सगळी माणसं लोकांच्या तोंडात बोटं घालून पोट भरतात, हे आठवून भाऊजींना दाढा दुखल्यासारखं झालं.

प्राचार्यांनी नाखुशीने कपाट उघडलं.

"किल्ली कुठे असते?"

"माझ्या खोलीत घड्याळामागे, खिळ्याला. आमच्या वेळेपासून तिथेच. वर्गात कोणाला ठाऊक नाही ते सांगा."

वहिनींनी कवळी उचलली आणि तिच्याखालच्या मखमलीवर बोट टेकवलं. मखमल दमट होती.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "दाढांचे कंगोरे झिजलेत. मागे चहाचा डागही आहे. माझ्या कवळीने कधी एक घाससुद्धा चावला नव्हता."

"कॉलेजात कवळ्यांना काय तोटा? लॅबमध्ये ढीग पडलाय," प्राचार्य म्हणाले. त्यांनी बिस्किटांचा पुडा समोरच्या दातांनी टर्रकन फाडला आणि पुढे केला. "घ्या." मग बाईंना म्हणाले, "आणि तुला सांगतो, आजच्या दिवशी तमाशा नको. मोठी माणसं येणार आहेत."

"लॅबमधल्या कोऱ्या असतात," बाई हळूच म्हणाल्या. प्राचार्यांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं.

"फोटोच्या वेळी तुम्ही कुठे होतात?" वहिनींनी विचारलं.

"फोन आला म्हणून खोलीत गेलो होतो. चोरी करायला नव्हे."

पदकवाला व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. उंची कोट, रंगवलेले केस, आणि भोवती दोन-चार वर्गमित्र मान डोलावत उभे. त्याची दातांची रुग्णालयं अर्ध्या शहराला ठाऊक होती. तो एक लालबुंद सफरचंद कचाकच चावत होता. त्याकडे पाहून बाईंनी मान फिरवली.

"फोटोच्या आधी गाडीत कोट बदलायला गेलो होतो," तो म्हणाला. "ड्रायव्हरला विचारा."

वहिनींनी कपाटातली कवळी पुढे केली. "ही तुमचीच ना, साहेब? नीट बघून सांगा."

त्याने सफरचंद खाली ठेवलं, कवळी उजेडात धरली, दातांवरून अंगठा फिरवला. "हीच. माझ्या हातचं काम मी अंधारातसुद्धा ओळखीन. बिचारीच्या मनातलं अजून जात नाही, त्याला मी काय करू?"

मॉनिटर मंचावर फुलं लावत होता. म्हातारपणातही लोक त्याला मॉनिटरच म्हणत. बारीक अंगाचा, गोड बोलणारा माणूस. डिग्री घेतल्यापासून तो पदकवाल्याचीच रुग्णालयं सांभाळत होता.

"ये गं बोळके," त्याने बाईंना हाक मारली, आणि वहिनींकडे बघून हसला. "रागवू नका. आम्ही प्रेमाने म्हणायचो. हिचे वडील परीक्षेला आले, तोंडाचं नुसतं बोळकं. आम्ही दाराआडून त्यांची नक्कल करायचो. काय दिवस होते."

वहिनींच्या कपाळावर आठी पडली.

"फोटोला उशिरा आलात म्हणे?"

"ही फुलं कोण लावणार?" मॉनिटर म्हणाला. भाऊजींनी मंचावरची जड पितळी फुलदाणी जरा बाजूला करायला हात लावला, तसा तो लगबगीने पुढे आला. "असू द्या, असू द्या. काठोकाठ पाणी आहे, सांडेल." त्याने ती उचलून आपल्या माईकजवळ ठेवली.

कार्यक्रमाचा कागद काढताना त्याच्या बॅगेतून एक प्लास्टिकची डबी पडली आणि उघडली. आत ओला कापूस होता, बाकी काही नाही.

"साबणाची डबी," तो डबी उचलत म्हणाला. "दंतवैद्याची हात धुवायची सवय सुटत नाही."

मग तो चहा घेऊन खुर्चीवर टेकला. बिस्किट त्याने चहात इतकं बुडवलं की अर्धं तळाशी गेलं. ते चमच्याने खात तो बोलत राहिला.

बाहेर आल्यावर भाऊजींनी वहिनींना गाठलं. "प्राचार्यच. किल्ली त्यांच्या खोलीत, कवळ्या त्यांच्या लॅबमध्ये, आणि फोटोच्या वेळी खोलीतही तेच. दुसरं कोण असणार?"

"भाऊजी, लॅबमधली कोरी कवळी चहा पिते का?"

वहिनी बाईंकडे वळल्या. "कवळी तोंडाबाहेर काढली की कुठे ठेवतात?"

"पाण्यात, नाहीतर ओल्या कापसात. कोरडी पडू द्यायची नाही. पहिल्याच वर्षी ते घोकून घेतात."

"तुमचा जबडा पिशवीत आहे ना? असू द्या जवळ."

संध्याकाळी सभागृह भरलं. पाटीवर पडदा होता. मॉनिटरने माईक हातात घेतला, तशा वहिनी मंचावर चढल्या आणि त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. एखाद्या पोराच्या हातातून काडेपेटी काढून घ्यावी तसा.

"नाव देण्याआधी मला एक कवळी परत करायची आहे," त्या म्हणाल्या. "आज सकाळी कपाटातली कवळी कोणीतरी बदलली."

"कोणी बदललेली नाही," पदकवाला पहिल्या रांगेतून म्हणाला. "ती माझीच आहे."

"साहेब, तुमच्याच बोलण्याने तुम्ही सुटलात आणि तुमच्याच बोलण्याने अडकलात. ही कवळी कोणाच्या तरी तोंडात राहून झिजली आहे, तिला चहाचा डाग आहे. कोणाही शिकाऊ पोराला दिसेल. तुम्हाला ती तुमची वाटली. बदलणाऱ्याला ती झिजलेली आहे हे ठाऊक असतं, त्याने ती उजेडात धरून चारचौघांत मिरवली नसती, म्हणून बदलणारे तुम्ही नाही. पण ज्या कामावर पदक मिळालं ते तुमच्या हातचं असतं, तर दुसरं काम तुम्ही आपलं म्हटलं नसतं. स्वतःचं काम तुम्ही ओळखलं नाही, कारण ते तुम्ही कधी केलंच नाही."

पदकवाल्याचं तोंड उघडं राहिलं. दात मात्र छान होते.

"आता ही कवळी कोणाची? वापरलेली आहे, म्हणजे लॅबमधली नव्हे. खालची मखमल दमट, म्हणजे ती नुकतीच ओल्या जागेतून आली. घाईच्या वेळी वापरातली ओली कवळी कोणाजवळ असेल? जो स्वतः कवळी लावतो आणि जास्तीची बरोबर बाळगतो, त्याच्याजवळ. कवळी लावणारा माणूस समोरच्या दातांनी काही तोडत नाही, कवळी निसटते. पदकवाल्यांनी सफरचंद चावलं. प्राचार्यांनी दातांनी पुडा फाडला. मॉनिटरसाहेबांनी बिस्किटसुद्धा चमच्याने खाल्लं."

वहिनी मॉनिटरकडे वळल्या.

"आणि साबणाच्या डबीत ओला कापूस कोण ठेवतं?"

"हा काय पुरावा आहे?" मॉनिटर म्हणाला. 'पुरावा' म्हणताना त्याच्या तोंडात काहीतरी टक्क वाजलं.

"नाही. पुरावा करून बघू. तोंडातली कवळी काढा आणि ही घाला. कवळी एकाच तोंडात बसते, तुम्हीच शिकवता ना लोकांना?"

मॉनिटरने हात तोंडावर धरला. तो हात त्याने शेवटपर्यंत काढला नाही.

"परीक्षेच्या दिवशी नंबराच्या चिठ्ठ्या कोणी लावल्या होत्या?" वहिनींनी सभागृहाला विचारलं.

"मॉनिटरने," मागच्या रांगेतून एक वर्गमैत्रीण म्हणाली. मग हळूच पुढे बोलली, "त्याने त्या बदलल्या, ते तर सगळ्यांना माहीत होतं. गंमत म्हणून... म्हणजे नंतर नोकरीही मिळाली त्याला."

"सगळ्यांना," वहिनी म्हणाल्या. हा एक शब्द त्यांनी थुंकल्यासारखा टाकला. "मी चोर पुष्कळ पाहिलेत. चोर निदान एकटा असतो, त्याला रात्री भीती वाटते. तुम्ही सगळा वर्ग एका मुलीचं आयुष्य चघळत राहिलात, आणि आज त्याच आठवणी काढून हसायला जमलात. मला तुमची शिसारी येते."

"जाऊ द्या हो आता," प्राचार्य म्हणाले. "इतक्या वर्षांनी काय..."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "खरी कवळी राहिली. बॅगा तपासायची धमकी मिळाली होती, तेव्हा ती जवळ ठेवता येईना. बाहेर नेऊन फेकावी तर मेळाव्यात सगळ्यांची नजर. डोळ्यांसमोर राहील आणि कोणी हात घालणार नाही अशी जागा हवी होती. आणि हाताची सवय आडवी आली. कवळी कोरडी ठेवायची नाही." त्यांनी फुलदाणीतली फुलं उपटून काढली, बाही सारली आणि पाण्यात कोपरापर्यंत हात घातला.

हात बाहेर आला तेव्हा त्यात गुलाबी कवळी होती. दात कोरे, कंगोरे शाबूत.

बाई मंचावर आल्या. पिशवीतला जबडा त्यांनी टेबलावर ठेवला आणि कवळी दोन्ही हातांनी त्यावर दाबली. ती बसली. बाईंनी जबडा उलटा धरला, तरी ती पडली नाही.

पाटीवरचा पडदा कोणी ओढला नाही. थोड्या वेळाने प्राचार्य कपाटातलं पदक घेऊन लगबगीने आले. आता टाळ्या वाजवायला बरेच हात तयार होते.

"पदक राहू दे तुझ्याकडे," बाई त्यांना म्हणाल्या. "कवळी माझ्या बाबांची आहे, ती मी नेते."

गाडीत बाई मागे बसल्या. कवळी त्यांनी ओल्या रुमालात गुंडाळली होती, साडी भिजत होती तरी.

"आता कशाला ओली ठेवायची?" भाऊजींनी विचारलं.

"सवय." बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "परीक्षेच्या दिवशी बाबांनी खिशात एक सफरचंद आणलं होतं. म्हणाले, पास झालीस की इथेच अंगणात उभा राहून चावून खाणार. मला बाहेर काढलं तेव्हा ते बाकावर तसेच बसून होते, खिशावर हात ठेवून. घरी गेल्यावर आईने ते किसून दिलं. पुढे शेवटपर्यंत सगळं किसूनच दिलं."

भाऊजींनी मेळाव्याच्या टेबलावरून उचललेलं एक सफरचंद पुढच्या कप्प्यात ठेवलं होतं. त्यांनी काच खाली केली, ते कचऱ्याच्या पेटीत टाकलं आणि गाडी सुरू केली.