निरीक्षकाचा रकाना

"हा पट्टा खोटं बोलत नाही," डॉ. उपासे म्हणाल्या, आणि प्रमिलाबाई दुधनीकरांना ती बाई पहिल्या वाक्यातच आवडली.

साल २०६१. जुळे सोलापुरात डॉ. बागवानांचं पशुरुग्णालय होतं. तिथल्या उपकरण-कक्षात, पांढऱ्या टेबलावर पारा आडवा पडला होता. देशी कुत्रा, वय नऊ, रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा. पिल्लू असताना एका जागी म्हणून ठरत नसे, त्यावरून पारा हे नाव पडलं. आता तो बारा दिवस एका जागी होता. गोचीड तापानं त्याची मूत्रपिंडं धरली होती. डॉ. बागवानांनी कमालीची झुंज देऊन त्याला ओढून काढलं होतं, पण पुढचं सगळं घरच्या शुश्रूषेवर होतं.

"प्राण्याला विचारता येत नाही, हीच आमची गोची," मेंदूशास्त्रज्ञ असलेल्या डॉ. उपासे पाऱ्याच्या मानेवर पट्टा बसवत म्हणाल्या. "मेंदूत दुखण्याचं एक केंद्र असतं. पाय दुखो की पोट, ते केंद्र जागं होतं. हा वेदनावेधी पट्टा ते टिपतो. किती दुखतंय, ते शून्य ते दहा आकड्यांत सांगतो. तो वेदनांक. आणि कुठं दुखतंय, ते या पडद्यावरच्या कुत्र्याच्या चित्रावर लाल ठिपक्यानं दाखवतो. हा देहपट. काकू, समजलं ना?"

"छत्तीस वर्षं वेधशाळेत काढलीत मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "यंत्र वाचायचं मला शिकवू नका."

बागवान हसले. मग त्यांनी घसा साफ केला. "मावशी, एक गोष्ट आधीच सांगतो. नियम आहे. वेदनांक सलग तीन दिवस सातला किंवा त्याच्या वर गेला आणि कारण सापडलं नाही, तर पट्टा आपणहून शांतमुक्तीची शिफारस करतो. मग आम्ही दोघं येऊन पाहतो, आणि इंजेक्शन देतो. जनावराला उगाच तळमळत ठेवायचं नाही."

प्रमिलाबाईंनी मान डोलावली. यंत्रावर त्यांचा विश्वास होता. यंत्र सांगेल तशी सेवा करायची, की पारा उठलाच म्हणून समजा!

घर दुसऱ्या मजल्यावर. एकटा जीव. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पण घरात पसारा मात्र बाळंतघरासारखा. खिडकीच्या दांडीला सलाइनची बाटली, ताटलीत कात्री आणि कापूस, जुनी नऊवारी फाडून केलेली दुपटी. सकाळी कातडीखाली सलाइन, मग भाताची पातळ पेज, दर तीन तासांनी कूस बदलायची. दर तीन तासांनी! वेधशाळेतही वेध तीन-तीन तासांनीच घेत, त्यामुळे बाईंना ती सवयच होती. जाड वही आखली, तारीख, वेळ, पेज किती, लघवी किती, वेदनांक किती. रकाने कसे सुबक! स्वतःसाठी रकाना आखायचं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही, येणारही नव्हतं. त्यांचे वरिष्ठ गाडेकर साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "वहीत वारा, पाऊस, ढग यांना जागा आहे. निरीक्षकाला नाही." एकदा एकशे दोन ताप असताना बाईंनी पर्जन्यमापक वाचला होता आणि ताप कुणाला सांगितलाही नव्हता. कुणी विचारलंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "काही नाही हो."

पहिले चार दिवस छान गेले. मूत्रपिंडांचे आकडे उतरले, पारा पेज चाटू लागला. वेदनांक दोनच्या आत. पाचव्या दिवशी सकाळी त्याला फिरायला म्हणून बाईंनी उचलला, बावीस किलोचं ते धूड छातीशी धरून दोन जिने उतरल्या, परत चढल्या, आणि पडदा पाहिला तर सहा!

लाल ठिपका डाव्या पुढच्या पायावर होता.

"अगं बाई! पायाला काय झालं तुझ्या?"

पाऱ्यानं त्यांचा डावा हात चाटायला सुरुवात केली. पेजेचा वास असेल, म्हणून त्यांनी हात धुतला. तरी तो चाटतच राहिला.

बागवानांनी पायाचा एक्स-रे काढला. हाड शाबूत, सांधा शाबूत. दुसऱ्या दिवशी ठिपका पायावरून खालच्या जबड्यावर गेला, म्हणून त्यांनी दात तपासले, खरवडून लखलखीत केले. बिचारा पारा! दात असे चमकत होते की लग्नाला निघालाय. पण संध्याकाळी जिना झाला आणि वेदनांक पुन्हा सहा.

"उचलताना धक्का बसत असेल," बागवान म्हणाले.

मग बाईंनी लुगड्याची झोळी केली. आकडा सात. मग पायरीपायरीवर थांबत चालल्या. सहा. मग त्यांनी त्याला उचलणंच बंद केलं, गच्चीच्या दारात वाळूचा ट्रे ठेवला. आणि इथे त्यांचं डोकं चालेनासं झालं. कारण त्या दिवशी त्या एकट्याच भाजी घेऊन जिना चढून आल्या, पारा चटईवर गपगार पडलेला, त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि पडद्यावर सात! पडद्यावरच्या नोंदीतली वेळ पाहिली तर आकडा चढायला सुरुवात झाली होती ती बाई जिन्याच्या खालच्या वळणावर असताना.

हे काय गौडबंगाल? पडून राहिलं तरी दुखतं? आणि तेही ठरावीक वेळी?

त्यात अक्कलकोटला नात्यातलं लग्न आलं. जाणं भागच होतं. शेजारच्या अंबुबाई म्हेत्रे धडधाकट बाई. त्यांनी दिवसभर पाऱ्याकडे बघितलं, बाळासारखा उचलून दोनदा खालीही नेऊन आणलं. संध्याकाळी वही हातात देत त्या म्हणाल्या, "गुणाचं लेकरू तुमचं. हूं की चूं नाही."

प्रमिलाबाईंनी रकाना वाचला. एक. एक. शून्य. एक. दिवसभर तेच.

त्या खुर्चीत बसल्या आणि पडदा पाहिला. सात.

त्यांनी रकाना पुन्हा वाचला. वही खोटं बोलत नव्हती, पट्टा खोटं बोलत नव्हता. त्या गेल्या की पारा बरा, त्या आल्या की पारा दुखणाईत. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू आली तरी त्याला दुखायला लागतं. याचा अर्थ एकच निघत होता आणि तो त्यांना सोसवेना. "मी इतकी वाईट आहे का रे तुला?" त्यांनी विचारलं. पाऱ्यानं शेपूट आपटलं आणि त्यांचा डावा हात चाटला. दुखतंय तर चाटतो कशाला हा? आणि चाटतोय तर दुखतंय कसं? बाईंना काहीच उमजेना. त्या पदर तोंडाला लावून रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना आठ. तो सलग तिसरा दिवस होता. पट्ट्यातून बारीक शिट्टी वाजली आणि पडद्यावर ओळ उमटली: शांतमुक्तीची शिफारस.

दुपारी दोन्ही डॉक्टर आले. बागवानांच्या हातात छोटी निळी पेटी होती. तिच्यात काय आहे ते विचारायची गरज नव्हती.

"पट्टा मी तपासला, काकू. अगदी चोख चालतोय," डॉ. उपासे खालच्या आवाजात म्हणाल्या.

"रक्त चांगलं, मूत्रपिंडं चांगली, भूक लागलीय," बागवान वैतागून म्हणाले. "पंचवीस वर्षं झाली मला या धंद्यात. कागदावर हा कुत्रा बरा झालाय, आणि पट्टा म्हणतो तो तळमळतोय. मी काय समजायचं?"

"मी याला देऊन टाकते," प्रमिलाबाई एकदम म्हणाल्या. "अंबुबाईंना देते. त्यांच्याकडे दुखत नाही त्याला. माझ्याजवळ दुखतं. मारू नका. मी त्याच्या वाटेलासुद्धा जाणार नाही." बोलता बोलता त्यांचा श्वास फुलला आणि पडद्यावरचा आकडा दोनाचा चार झाला.

तिघांनीही तो पाहिला. कुणीच कुत्र्याला हात लावला नव्हता.

प्रमिलाबाई त्या चाराकडे बघत राहिल्या. आणि त्यांना आठवली वेधशाळेतली ती पांढरी, जाळीदार लाकडी पेटी, आत लटकलेला तापमापक, आणि गाडेकर साहेबांचा करडा आवाज. श्वास रोखा. आधी दशांश वाचा, मग पूर्ण अंश. आणि मागे व्हा! तुमच्या अंगाच्या उबेनं आकडा हलतो. जवळ रेंगाळलात तर हवेचं तापमान नाही, स्वतःचं वाचून याल.

"डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "त्याचा डावा पाय दाबा. जोरात."

बागवानांनी दाबला. आकडा चारच. पिळला, तरी चारच. पाऱ्यानं जांभई दिली.

"आता इथंच बसा. त्याला हात लावू नका. पडद्यावरून नजर हलवू नका."

असं म्हणून प्रमिलाबाई दाराबाहेर पडल्या. दोन जिने खाली गेल्या, फाटकाला हात लावला आणि वर चढू लागल्या. पहिल्या वळणावर छातीवर रोजचा तो धोंडा बसला. डाव्या खांद्यातून कळ मनगटापर्यंत उतरली. मग जबडा आवळला. रोज होत होतं हे, आठवडाभर. त्यात सांगण्यासारखं काय होतं? वय झालं की होतंच थोडंफार. पण आज त्यांनी पहिल्यांदा थांबून ते दुखणं एखादं यंत्र वाचावं तसं वाचलं.

वरती घरात बागवान मोठ्यानं आकडे म्हणत होते, "चार... पाच... सात. ठिपका पायावर. आता जबड्यावर. या अल्लाह, आठ!"

आणि तीन आठवडे न उठलेला पारा चार पायांवर उभा राहिला. लडखडत दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यात टेकलेल्या प्रमिलाबाईंचा डावा हात चाटू लागला.

बागवानांनी निळी पेटी भिरकावली आणि बाईंना धरून आडवं केलं. डॉ. उपासे फोनवर हृदयरुग्णालयाला घराचा पत्ता सांगत होत्या, तोंडानं स्वतःलाच दूषणं देत. "मी मूर्ख! मेंदूतलं दुखण्याचं केंद्र दुखणं कुणाचं हे विचारतच नाही. जिवाभावाच्या माणसाचं दुखलं तरी तेच केंद्र जागं होतं. त्याला तुमचा श्वास ऐकू येत होता, घामाचा वास येत होता, तुम्ही हात चोळताय हे दिसत होतं. त्याच्या मेंदूत तुमचं दुखणं उमटत होतं, आणि देहपटावर माणसाचा हात नाहीच, म्हणून आम्ही पुढचा पाय तपासत बसलो!"

"आणि दात," बागवान म्हणाले.

रुग्णालयात तरुण हृदयतज्ज्ञानं विचारलं, "आजी, कधीपासून दुखतंय?"

"काही नाही हो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "असंच जरा."

बागवानांनी पुढे होऊन ती जाड वही टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पानं उलटली. दर तीन तासांनी नोंद, कळ किती, कुठून कुठे सरकली, जिना चढताना किती, बसल्यावर किती. "इतकी नेमकी केसपेपरची वही मी आजवर पाहिली नाही," ते म्हणाले, आणि मग पहिल्या पानावर रुग्णाचं नाव, वय आणि जात वाचून ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. त्याच संध्याकाळी मनगटातून नळी घालून बाईंच्या हृदयाची तुंबलेली वाहिनी मोकळी केली.

आठवड्यानं त्या घरी आल्या. पारा अंबुबाईंच्या हातून सुटून त्यांच्या पायात घोटाळला. मागोमाग डॉ. उपासेही आल्या होत्या.

"काकू, एक अडचण आहे," त्या चाचरत म्हणाल्या. "मूत्रपिंडाचं दुखणं उलटू शकतं. आणखी महिनाभर पट्टा लागेल. पण तुम्ही जवळ असलात की पट्टा दोघांचं मिळून सांगणार. त्याचं वेगळं काढायला एकच उपाय आहे. तुमचं वजा करायचं. आणि तुमचं किती, ते कुठलंच यंत्र सांगत नाही. ते तुम्हीच खरंखरं लिहायचं."

"मी?"

"हो. तुम्ही 'काही नाही' लिहिलंत, तर ते सगळं त्याच्या खात्यात जाईल. पुन्हा सुया, पुन्हा दात, आणि पुन्हा ती शिफारस."

त्या गेल्यावर प्रमिलाबाईंनी पट्टी घेऊन वहीत नवा रकाना आखला. रेघ जराशी वाकडी गेली. वेदनांकाच्या रकान्यात त्यांनी पडद्यावरचा आकडा लिहिला: तीन.

पारा समोर बसून त्यांच्याकडे बघत होता. तीन कुणाचे? त्याचे असतील तर उद्यापासून सलाइन. सवयीनं त्यांची पेन्सिल शून्याकडे वळली. मग त्यांनी डोळे मिटले आणि मनगटावर नळी घातलेल्या जागेपासून सुरुवात केली. तिथं ठणकत होतं. खांदा आखडला होता. आणि छातीत, जिथं वाहिनी मोकळी केली होती त्याच्या जरा आत, अकरा वर्षांचं काहीतरी दुखत होतं. हे धरायचं की नाही? धरलंच पाहिजे, यंत्रानं धरलंय म्हटल्यावर.

त्यांनी स्वतःच्या नव्या रकान्यात लिहिलं: तीन.

तिनातून तीन गेले. पाऱ्याच्या नावापुढे त्यांनी शून्य मांडलं, दोनदा तपासलं, आणि वही बाजूला सारून त्याच्यासाठी पेज गरम करायला उठल्या.