कडेची मुलगी

सुरुचीने स्कॅनर घ्यायचं ठरवलं ते भाचीच्या लग्नाच्या निमित्ताने. थोरल्या बहिणीचा, जुईचा, दादरहून फोन आला होता. स्पृहाच्या लग्नात हॉलमधल्या पडद्यावर नवरीच्या आईचं बालपण दाखवायचं होतं, तेव्हा बाबांच्या डब्यातले जुने फोटो मोबाइलवर टिपून पाठव, जमतील तसे, असं ती म्हणाली. ते ‘जमतील तसे’ सुरुचीला टोचलं. जुई कशीही टिपली तरी सुंदरच दिसणार, हे त्यात धरलेलंच होतं.

त्यांचे वडील कमलाकांत एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि कॅमेऱ्याचे वेडे. गिरगावातल्या दोन खोल्यांत मोरीला काळा पडदा लावून ते स्वतः फिल्म धुवायचे, प्रिंटही स्वतःच काढायचे. फिल्म धुण्याच्या औषधाचा आंबूस वास घराला कायमचा चिकटलेला. पण भिंतीवर, आल्बममध्ये, पाकिटांत, सगळीकडे जुईच. धाकट्या सुरुचीचा त्यांनी काढलेला एकही फोटो नव्हता. शाळेच्या फॉर्मला लागणाऱ्या फोटोसाठीसुद्धा त्यांनी तिला नाक्यावरच्या स्टुडिओत पाठवलं होतं. जुई लग्न करून गेली, सुरुची राहिली. शेवटची दोन वर्षं बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा सुरुची त्यांना भरवायची, आणि घास चावता चावता त्यांची नजर भिंतीवरच्या जुईवर असायची.

म्हणून मोबाइलवर टिपणं तिला नको होतं. करायचं तर नीट करायचं. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात विनीत नावाच्या विक्रेत्याने आधी एक पातळ, हलका स्कॅनर पुढे केला. कागदी फोटोंना हा पुरे, म्हणाला. सुरुचीने पर्समधून निगेटिव्हची एक पट्टी काढून दाखवल्यावर त्याने तो बाजूला सारला. यात उजेड फक्त खालून येतो, फिल्मला वरूनही लागतो, म्हणजे झाकणात दिवा असलेलाच घ्यावा लागेल. शिवाय या पातळ मशीनला काचेला चिकटलेलं तेवढंच स्पष्ट दिसतं, जुनी फिल्म जरा वळलेली असली की धूसर येते. खोक्यावरच्या रिझोल्यूशनच्या मोठमोठ्या आकड्यांवर जाऊ नका, असंही त्याने सांगितलं. मग मागून एक जाडजूड, वजनदार मशीन आणलं.

“हे घ्या. काचेच्या जरा वर असलेलंही याला दिसतं,” तो म्हणाला. “आणि मॅडम, निगेटिव्हच स्कॅन करा. प्रिंट काढताना कडा कापल्या जातात. निगेटिव्हमध्ये सगळं असतं.”

तेच तिने घेतलं आणि टॅक्सीत मांडीवर धरून घरी आणलं.

शनिवारी दुपारी बिल्डिंग सामसूम होती. सुरुचीने पहिली पट्टी चौकटीत बसवली, झाकण लावलं. आत पांढरा उजेड सावकाश सरकत गेला, कुणीतरी हलकेच कपडा ओढत न्यावा तसा आवाज करत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गच्ची उमटली. हातात आकाशकंदील घेतलेली जुई. हाच फोटो समोर भिंतीवर होता, पण भिंतीवर जुई एकटी होती. इथे डाव्या कडेला आणखी एक मुलगी उभी होती. अर्धीच दिसणारी. आखूड केस, फुग्यांच्या बाह्यांचा फ्रॉक, मान खाली घातलेली.

सुरुची पडद्याजवळ वाकली. ही मी.

तिने दुसरी पट्टी लावली, तिसरी लावली. चौपाटीवर जुई, कडेला ती. भायखळ्याला राणीच्या बागेत जुई, कडेला ती. प्रत्येक वेळी मान खाली. म्हणजे बाबांनी तिचा फोटो काढला नव्हता असं नाही. काढला होता, आणि मोरीत लाल दिव्याखाली बसून, प्रत्येक प्रिंटमधून तिला कापून टाकलं होतं. आयुष्यभर जुईचा हेवा करताना सुरुचीला स्वतःची लाज वाटत आली होती. त्या दुपारी ती लाज गेली, नुसता हेवा उरला, निखाऱ्यासारखा. तिने जुईला फोन केला आणि उद्या येऊन बघून जा, एवढंच सांगितलं.

जुई आली ती साखरपुड्याचे पेढे घेऊन. पन्नाशीतही रस्त्यात माणसं वळून बघतील अशी. सुरुचीने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. एकेक फोटो पुढे सरकवत गेली आणि बाबांनी काय केलं ते बोलत गेली, साठलेलं सगळं. जुई ऐकून घेत होती. मग एका फोटोपाशी तिने सुरुचीचा हात धरला.

“सुरू, थांब… हा बघ. यात मी पाच वर्षांची आहे. आई पोटुशी आहे. तू पोटात आहेस.”

सुरुचीने पाहिलं. आईच्या मागे, दाराच्या कडेला, तीच मुलगी. तोच फ्रॉक. तेवढीच उंच. तिने गच्चीवरचा फोटो पुन्हा उघडला. मधे आठ वर्षं गेली होती. जुई वाढली होती, आई अंगाने सुटली होती. ती मुलगी तेवढीच होती.

खोलीत तो आंबूस वास एकाएकी दाट झाला. मोरीत तर कित्येक वर्षांत कुणी फिल्म धुतली नव्हती.

जुई हळू आवाजात सांगू लागली. सुरुची वर्षाची झाली तेव्हा बाबांनी तिचा एक फोटो काढला होता. फिल्म धुऊन ते मोरीतून बाहेर आले आणि तिचा एक तुकडा त्यांनी कापून वेगळा काढला. त्यानंतर सुरुचीकडे त्यांनी कॅमेरा कधी वळवला नाही. आई भांडली, तर एवढंच म्हणाले होते, की ‘ती’ जुईच्या फोटोत मान वर करत नाही, हिच्या फोटोत करते. मोठ्यांचं काहीतरी असेल म्हणून जुईने ते कधी विचारलं नाही.

डब्याच्या तळाशी काळ्या कागदात गुंडाळलेला एक तुकडा होता. लावू नकोस, जुई म्हणाली. सुरुचीने लावला.

सतरंजी. मधोमध ती मुलगी बसलेली, मांडीवर वर्षाची सुरुची. या एकाच फोटोत तिने मान वर केली होती. चेहरा साधाच, कुठल्याही शाळकरी मुलीचा. पण ती मांडीवरच्या बाळाकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती, आज पडद्यापुढे बसलेल्या बाईकडे, ओळख असल्यासारखी.

“बाबांनी तुला टाळलं नाही गं,” जुई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “लपवलं. हे जाळून टाक. शपथ घे माझी.”

सुरुचीने शपथ घेतली. बाबांसाठी रडलीही, पहिल्यांदाच. पण जुई घरी गेल्यावर तिने तो तुकडा पुन्हा काळ्या कागदात गुंडाळून ठेवला. का, ते तिला सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत एकीने तरी जुईला सोडून तिला निवडलं होतं.

लग्न थाटात झालं. हॉलमध्ये कॅमेरा फिरला की जुई स्वतः आडवी यायची, सुरुचीचा दंड धरून तिला खांबामागे न्यायची. तू नको, असं कानात पुटपुटायची आणि स्वतः पुढे जाऊन उभी राहायची. ते मायेपोटी होतं, सुरुचीला कळत होतं. तरी पाहुण्यांच्या शेकडो फोटोंत पुन्हा जुईच, डाळिंबी पैठणीत, नथ घालून. खांबामागे उभी राहून सुरुचीने तिच्यावर पडणारा प्रत्येक फ्लॅश पाहिला.

लग्नानंतरच्या निवांत दुपारी तिने स्कॅनर सुरू केला. तिला फक्त ती मांडी एकदा बघायची होती, आणि मांडीवरची आपण. उजेड सरकला. मधेच अडखळला, मग पुढे गेला.

सतरंजी तीच. मुलगी तीच, मान वर, नजर समोर. मांडीवर बाळ नव्हतं. तिथे डोकं ठेवून एक मोठी बाई कुशीवर निजली होती. अंगावर पैठणी, पदरावरचे मोर काळ्यापांढऱ्यातही कळत होते. नाकात नथ, अंबाड्यावर चुरगळलेला गजरा. जुई. मुलीची बोटं तिच्या केसांत होती.

सुरुचीला भीती वाटायला हवी होती. पहिल्यांदा वाटली ती भीती नव्हती. तो हेवाच होता, लहानपणापासूनचा, ओळखीचा. हीसुद्धा जुईचीच.

मग तिने घाईघाईने फोन लावला. बऱ्याच वेळाने जुईने उचलला. घरी एकटीच आहे, सगळे देवदर्शनाला गेलेत, म्हणाली. आवाज जड होता.

“झोप येतेय गं सुरू… नुसती झोप. कुणीतरी केसांतून हात फिरवतंय असं वाटतं. इतकं बरं वाटतंय…”

ताई, ऊठ, बाहेर जा, शेजारी जा, हे सगळं सुरुचीच्या ओठांवर आलं होतं. तिने तोंड उघडलं. पडद्यावरची नजर तिच्यावर होती.

“तिला विचार,” सुरुची म्हणाली, “मग माझं काय?”

फोन चालू होता. कानाला लावून ती उभी राहिली. जुईचा श्वास ऐकू येत होता, संथ, गाढ झोपेतला. आणि त्याच्याशी जुळवून घेत, अगदी जवळून, आणखी एक श्वास. लहान मुलीचा.