करंजाखालचा झिरा

मे महिना, भर दुपार, आणि धारूरच्या डोंगरात माझ्या अठरा शेळ्यांशिवाय चिटपाखरू नव्हतं. अशात कोरड्या ओढ्यात एक माणूस हातानं वाळू उकरताना दिसला. शेजारी पांढरी घोडी मान टाकून उभी. माणूस देखणा होता – पण उकरत होता अगदी चुकीच्या जागी.

“पुरलेलं धन काढताव का?” मी काठावरून विचारलं.

त्यानं दचकून वर पाहिलं. ओठ फुटले होते, तरी हसला. “पाणी काढतोय. वरचा तलाव आटलाय हे ठाऊक नव्हतं... बाटलीतलं होतं ते हिला पाजलं.”

नाव अजिनाथ, गाव सिरसाळा. घोडी काही केल्या टेम्पोत चढेना, म्हणून स्वारी डोंगरातून पायी निघाली होती. संध्याकाळी धारूरला लग्न. परण्याच्या मिरवणुकीत नवरदेव हिच्यावर बसून मारुतीला जाणार होता. पण घोडीचे पुढचे पाय थरथरत होते. एकदा खाली बसली असती, तर ती पुन्हा उठली नसती.

“मधी पाणी न्हाई लागायचं. झिरा वळणावर असतो, त्या करंजाखाली,” म्हणत मी खाली उतरले.

“तुमाला कसं ठाऊक?”

“तुमाला घोडी ठाऊक, मला ओढा.”

दोघांनी मिळून उकरलं. कोपरभर खोल गेल्यावर वाळू ओली लागली... हाताला हात लागला, आणि दोघंही उगाच जास्तच जोरात उकरू लागलो. मग तळाशी पाणी झिरपलं. पहिलं गढूळ मी उपसून टाकलं, दुसरं नितळ आलं.

माझ्या जेवणाच्या डब्यानं तो घोडीला पाजू लागला. तिसरा डबा मी काढून घेतला.

“बास. एकदम पाजलं तर पोट धरंल तिचं.”

“माहीत हाय मला... पर तिच्या डोळ्याकडं बघवत न्हाई.”

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून लग्नघरचं कुणीतरी ओरडत होतं. घोडी आता चालली असती – पण अजून सगळा घाट बाकी होता. अजिनाथनं तिच्या मानेवर हात ठेवला.

“बंकटभाऊ, नवरदेवाला गाडीत न्या. घोडी येत न्हाई... बोला काय बोलायचं ते. चूक माझीच हाय.”

खरं सांगते, माझा जीव तिथंच जडला.

“आता धारूरात मला कुणी बोलवायचं न्हाई,” तो म्हणाला.

“घोडी जिती हाय की! अन् तुमी? तुमी पाणी पिलाव का?”

प्यालाच नव्हता. मी ओंजळ भरून पुढे केली. तो वाकला. त्याचे ओठ माझ्या बोटांना टेकले... शेळ्या कुठे गेल्या, मी पाहिलंसुद्धा नाही.

“नाव न्हाई सांगितलं.”

“स्वप्ना.”

“उद्या येऊ का... हिला पाणी पाजायला?”

“सिरसाळ्याहून? इतक्या लांब?”

“लांब पडतं,” त्यानं कबूल केलं. “पर येतो.”

“मला आवडलाव तुमी,” मी म्हणाले. लपवायचं कशाला! “डोंगरात नका येऊ. सरळ घरी या, आमच्या दादांकडं.”

त्याचे कान लालबुंद झाले. “अन् ते न्हाई म्हणले तर?”

“त्यांचं मी बघते. तू ये.”