वीतभर मोकळी रेघ

फुटबॉल क्लब का बुडाला याची कारणं न्हाव्याच्या दुकानात फुकट मिळायची. एक म्हणे, कोच बदलला तिथेच माशी शिंकली. दुसरा म्हणे, दोन चांगले खेळाडू जाऊ दिले, मग हातात धुपाटणंच राहणार. तिसऱ्याच्या मते पोरांचं लक्ष पायांपेक्षा केसांकडे जास्त. यावर न्हावी मात्र गप्प बसायचा, कारण त्या केसांवर त्याचंही पोट होतं. अकरा वर्षांत सात चषक जिंकलेला संघ पुढच्या तीन वर्षांत दोन पायऱ्या खाली येतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं सगळ्यांना मान्य होतं.

खुर्चीत मान मागे टाकून, गालांना साबण लावून घेत रेघवाला हे सगळं ऐकायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मैदानाची सगळी निगा त्याच्याकडे होती. गवत कापणं, पाणी मारणं, रूळ फिरवणं. पण सामन्याच्या सकाळी चुन्याच्या फक्कीची गाडी ढकलत तो ज्या पांढऱ्या रेघा मारायचा, त्यांवरून त्याला हे नाव पडलं होतं. दोरी, खुंट्या आणि मोजपट्टी यांच्या पलीकडचं तो काही मानत नसे. म्हणूनच क्लब का बुडाला याबद्दल जे त्याला वाटत होतं, ते बोलायची त्याला लाज वाटायची.

हे काम त्याला वस्तादांनी शिकवलं. वस्ताद म्हणजे त्याच्या आधी तीस वर्षं हेच मैदान सांभाळलेला माणूस. त्यांनी सगळं शिकवलं आणि एक गोष्ट जास्तीची शिकवली. गॅलरीच्या समोरची, भिंतीच्या बाजूची जी लांब रेघ, ती मारताना मधल्या झेंड्यापासून बावीस पावलांवर एक वीत जागा कोरी सोडायची. का, असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"घराला दार असतं ना? मग," वस्ताद म्हणाले आणि फक्की चाळायला बसले.

त्याने ते मनावर घेतलं नाही आणि सोडूनही दिलं नाही. बाहेर पडताना नळ बंद आहे का बघतात, तशी ती वीत तो सोडत राहिला. गॅलरीतून ती दिसत नसे. अकरा वर्षं कोणी काही म्हणालं नाही.

मग सातव्या चषकाच्या अंतिम सामन्याआधी संघटनेचा एक तपासनीस आला. कडक इस्त्रीचा माणूस. रेघेवरून चालत चालत तो त्या जागी थांबला.

"ही तुटलीय."

"सोडलीय साहेब. तशी पद्धत आहे."

"कसली पद्धत?"

दाराचं सांगितलं असतं तर हसं झालं असतं. रेघवाल्याने वाकून मूठभर फक्की घेतली आणि ती वीत हाताने भरून टाकली. तपासनीस मान हलवून पुढे गेला. खरं सांगायचं तर रेघवाल्यालाही बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रेघ पुरी झाली होती, आणि पुरी रेघ कोणत्याही कारागिराला आवडतेच. त्या दिवशी संघ चार गोलांनी जिंकला. त्यानंतर कपाटात आठवा चषक आला नाही.

पहिली खूण गवताने दिली. मैदानात गवत कुठे झिजतं हे रेघवाल्याला पाठ होतं. दोन्ही गोलांपुढे, मधल्या वर्तुळात, आणि कडेने लाइनमन धावतो तिथे. त्या मोसमात भिंतीच्या बाजूला, रेघेपासून नऊ पावलं आत एक ठिगळ पिवळं पडलं. आधी बशीएवढं, मग थाळीएवढं. त्याने कीड बघितली, पाणी बघितलं, माती बदलली. तीनदा नवी हिरवळ आणून बसवली. तीनही वेळा ती आठवड्याभरात मेली. संघ सराव दुसरीकडे करायचा, तेव्हा सामना नसेल त्या आठवड्यात मैदानावर कुत्रंसुद्धा फिरकत नसे. तरी त्या ठिगळात बुटांच्या खिळ्यांची भोकं ताजी असत. धावणाऱ्याची नव्हेत. एकाच जागी उभं राहून, चेंडूची वाट बघत कोणी पाय बदलत राहावं, तशी.

दुसरी खूण खेळाडूंनी दिली. ते चुकीचे पास देऊ लागले. चुकीचे म्हणजे नेम चुकलेले नव्हेत. नेम अचूक असायचा, फक्त समोर कोणी नसायचं. चेंडू मोजून मापून त्या ठिगळाकडे जायचा, तिथून रेघेबाहेर घरंगळायचा आणि भिंतीला लागून थांबायचा. "कोणाला दिलास, वाऱ्याला?" असं गॅलरीतून कोणी ओरडायचं आणि हशा पिकायचा. गंमत अशी की क्लब सोडून गेलेले तेच खेळाडू दुसरीकडे छान खेळत होते.

रेघवाल्याला मात्र हसू येत नसे, कारण असे पास सगळ्यांत जास्त त्याचा मुलगा द्यायचा. मुलगा संघाचा कप्तान होता. गॅलरीखालच्या दोन खोल्यांत त्यांचं घर, आणि याच गवतावर तो चालायला शिकलेला. बापाला त्याच्या खेळाचं कौतुक इतकं, की त्याच्या डाव्या बुटाचा टाचेचा खिळा पडला तेव्हा त्याने स्वतः पितळेचा, जरा जाडसर खिळा घासून बसवून दिला होता. आता तोच मुलगा रस्त्याने जाताना मान खाली घालून चालायचा.

शेवटच्या सामन्याच्या तीन दिवस आधी बाप बूट पुसत बसला होता. क्लबच्या समितीचं ठरलं होतं. हा सामना हरला तर संघ मोडायचा.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तिकडे पास का देतोस?"

मुलगा हळूच म्हणाला, "तो मोकळा असतो, बाबा."

"कोण?"

"माहीत नाही. अंगात आपलाच शर्ट असतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. हात वर करून मागतो."

"आणि सरळ बघितलं की?"

"सरळ बघायला वेळ कुठे असतो?" तो उठून खिडकीशी गेला. "हरलो तर मी काय करू, बाबा? मला दुसरं काही येत नाही."

आईने आतून ताट वाढल्याची हाक मारली. तो जेवायला आला नाही. पोराचं आयुष्य आपल्या एका मुठीने बिघडलं, असं रेघवाल्याला त्या घटकेला स्वच्छ वाटलं. मोजपट्टीवर विश्वास असलेल्या माणसाला असं वाटणं फार जड जातं.

दुसऱ्या दिवशी तो वस्तादांकडे गेला. वस्ताद आता लेकीकडे असायचे, तिसऱ्या मजल्यावर. दिसणं जवळजवळ गेलं होतं, पण पावलांवरून त्यांनी त्याला ओळखलं.

"वीत सोडतोस ना?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

त्याच्याने खोटं बोलवेना. त्याने तपासनिसाचं सांगितलं, मुठीचं सांगितलं.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

"मग आता उघडू नकोस."

"का?"

वस्ताद भिंतीकडे तोंड करून बसले. लेक चहा घेऊन आली, चहा गार झाला. तो उठायला लागला तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला, "तुझा मुलगा अजून खेळतो का रे?"

रेघवाला जिना उतरू लागला. इकडे आड, तिकडे विहीर. रेघ बंद ठेवली तर संघ हरणार, आणि तो खिडकीशी उभा राहिलेला पोरगा पुन्हा जेवायला बसेल की नाही याची खात्री नाही. उघडली तर काय, ते वस्ताद सांगत नव्हते. म्हाताऱ्या माणसाचे भ्रम, असं त्याने मनाला बजावलं. मग त्याच्या लक्षात आलं, की तो भ्रम असेल तर वीत सोडल्यानेही काही होणार नव्हतं. दोन्ही बाजूंनी तर्क करून तो थकला आणि शेवटी बापाने जे करावं ते त्याने केलं. पोराला जे हवं होतं ते द्यायचं ठरवलं.

सामन्याच्या सकाळी त्याने फक्कीची गाडी फिरवली. बावीस पावलांवर चाक उचललं, एक वीत सोडली, पुन्हा टेकवलं. जुनी, आत मुरलेली फक्की त्याने पाण्याने आणि ब्रशने घासून काढली. हात लाल झाले. त्या वितीतून गार हवेचा एक झोत त्याच्या मनगटाला लागला. वारा नव्हता. झेंडे लोंबत होते.

मुलगा बूट बांधत होता तेव्हा तो त्याच्याजवळ वाकला.

"आज भिंतीच्या रेघेकडे जाऊ नकोस."

मुलगा हसला. "कप्तान मैदानाचा एक कोपरा सोडून खेळेल काय, बाबा?"

त्याने हट्ट धरायला हवा होता. पण कितीतरी महिन्यांनी पोरगा हसला होता, आणि बापाला ते हसू मोडवेना.

मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. पास मात्र दोनदा त्या ठिगळाकडे गेले आणि वाया गेले. गॅलरी ओरडली. रेघवाला कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ उभा होता.

एकाहत्तराव्या मिनिटाला चेंडू भिंतीच्या रेघेबाहेर गेला. नेमका त्या वितीवरून.

थ्रो आपल्या संघाचा होता. कप्तान चेंडू आणायला धावत निघाला.

रेघेजवळ तो थांबला.

तो बाजूला सरकला. दारात थोरल्या माणसाला आधी वाट द्यावी, तसा. मान किंचित लववून.

मग त्या न दिसणाऱ्या माणसाच्या मागोमाग तोही वितीवरून बाहेर गेला.

भिंतीच्या सावलीत तो चेंडू उचलायला वाकला. वाकलेलाच राहिला. रेघवाला मनात आकडे मोजू लागला, तसं करायचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. अकरापर्यंत पोचला.

मुलगा सरळ झाला, रेघेवर आला आणि त्याने चेंडू फेकला.

त्यानंतर एकही पास वाया गेला नाही. कप्तानाने दोन गोल केले, असे की समोरच्या संघाचा गोलकीपरही हात कमरेवर ठेवून बघत राहिला. संघ वाचला. माणसं गॅलरीत नाचली, खालच्या खोल्यांत तक्तपोशीतून धूळ पडली. न्हाव्याने आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी दुकान बंद केलं. रेघवाला गवतावर बसून ओक्साबोक्शी रडला. सुटलो, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी मिरवून झाल्यावर मुलगा घरी आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"आत येऊ?"

आई हसली. "स्वतःच्या घरात विचारतोस काय? ये की."

मगच तो आत आला. बूट त्याने दाराशी नीट जोडीने ठेवले, जे त्याने जन्मात कधी केलं नव्हतं. पोटभर जेवला. आईने त्याला दुसऱ्यांदा वाढलं आणि डोळ्यांना पदर लावला. रेघवाल्याने ते बूट उचलून चिखल पुसायला घेतले. चिखल नव्हताच. त्याने डावा बूट उलटा केला. टाचेचे सगळे खिळे सारखे होते.

सकाळी तो मैदानावर गेला. ठिगळात गवताचे हिरवे कोंब डोकावत होते. रेघेपलीकडची पट्टी भिंतीपर्यंत नेहमी ओली असायची. तिथल्या मातीत बुटांचे ठसे होते. दोन माणसांचे, शेजारी शेजारी, वितीपासून निघून भिंतीकडे गेलेले. एकाचे खिळे लहान, जुन्या घडणीचे. दुसऱ्याच्या डाव्या टाचेत एक भोक बाकीच्यांपेक्षा जाड होतं. दोन्ही भिंतीपाशी संपत होते. परत येणारा ठसा एकही नव्हता. तो गुडघ्यांवर बसून इंच इंच शोधत राहिला.

तेव्हापासून ती वीत त्याने बुजवली नाही. आधी दोन विती केल्या, मग हातभर, मग दारातून माणूस सरळ चालत येईल एवढी. संघटनेची दोन पत्रं आली. त्याने ती फोडली नाहीत. क्लब पुन्हा जिंकू लागला, न्हाव्याच्या दुकानात आता त्याची कारणं मिळायची. रेघवाला तिकडे जात नसे. दाढी वाढली होती. रोज सकाळी ऊन यायच्या आत तो त्या मोकळ्या जागेपुढे जाऊन बसायचा आणि भिंतीकडे बघत मुलाला लहानपणीच्या नावाने हाक मारायचा. आधी हळू, मग घसा बसेपर्यंत.

एका सकाळी असाच बसला असताना मागून आवाज आला, अगदी जवळून.

"कोणाची वाट बघताय, बाबा?"

त्याने वळून पाहिलं. मुलगा दोन पावलांवर उभा होता. हसत होता. त्याच्या मागे फाटकापर्यंत सगळं मैदान दवाने पांढरं झालं होतं, आणि त्या दवावर पावलांची एकच ओळ उमटली होती. ती रेघवाल्याची स्वतःची होती.