अकरा चाळीसची ओहोटी

मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे स्वतःच्या आठवणीवर विसंबायची सवय फार लवकर सुटली. आता सांगतो आहे त्यातही कुठेतरी घोळ असणार. मी म्हणेन आकाश निरभ्र होतं. बायको म्हणते, ढग होते. मेहुणा तर म्हणतो की मी पाण्याची बाटली घरी विसरलो होतो, आणि हे साफ खोटं आहे. पण आम्ही चौघं होतो, भर सकाळ होती आणि आम्ही पोट धरून हसलो, एवढ्यावर मात्र चौघांचं एकमत आहे.

निमित्त बायकोच्या गुडघ्याचं. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली होती. "कापाकापी व्हायच्या आधी मला एकदा समुद्राकाठाने दीपगृहापर्यंत चालत जायचंय," ती म्हणाली. शहराची बस शेवटच्या थांब्यावर सोडते. तिथून कड्यावरची पायवाट, मग खाडीचं तोंड, आणि पलीकडे दीपगृह. खाडीवर पूल आहे, पण तो दोन मैल आत. तेवढा फेरा तिच्या गुडघ्याला झेपला नसता, आणि होडीत चढणं-उतरणंही नाही. पूर्ण ओहोटीला मात्र खाडीच्या तोंडाशी वाळू उघडी पडते. अर्धा तास, फार तर. तेवढ्यात पार व्हायचं. वेळ चुकली तर माणसं वाहून जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून वेळ पाहायचं काम माझ्याकडे दिलं.

भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाची निळी पुस्तिका मी घरी तीनदा पाहिली. ओहोटी अकरा चाळीस. बसमध्ये चौथ्यांदा पाहिली.

"भाऊजी, समुद्र तुम्हाला विचारून येतो-जातो का?" मेहुण्याने विचारलं. तो दातांचा डॉक्टर. समोरच्याला उत्तर देता येत नसताना बोलायची त्याला सवय.

"विचारून नाही. सांगून जातो," मी पुस्तिका दाखवली.

"अहो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. लहानपणी हा बादलीलासुद्धा घाबरायचा," बायको म्हणाली.

"ताई, ती बादली फार मोठी होती!"

पायवाटेवर वाळलेलं पिवळं गवत होतं, खारा वारा होता. मेहुण्याची बायको चालता चालता संत्री सोलून सगळ्यांना देत होती. माझी बायको काठी टेकत, दर दोनशे पावलांवर दगडावर बसत, तरीही गाणं गुणगुणत चालली होती. खाडीशी उतरलो तेव्हा माझ्या घड्याळात अकरा पस्तीस झाले होते, आणि समोर वाळू उघडी होती. रुंद, घट्ट, चकाकती.

"बघा!" मी म्हणालो. आयुष्यात क्वचितच माझं काही इतकं बरोबर आलं असेल.

आम्ही वाळूवर उतरलो.

तिथे गार होतं. ऊन होतं, पण झाडाखाली असतं तसं, हलणारं, थोडं हिरवट. झाड मात्र एकही नव्हतं. एक खेकडा पळून न जाता आमच्या बाजूने निवांत चालत होता. लाटा ऐकू येत होत्या, पण डावीकडून नाही, उजवीकडूनही नाही... डोक्यावरून.

"अहो," बायको म्हणाली, "माझा गुडघा दुखत नाहीये."

तिने काठी बगलेत धरली होती. ती चवड्यांवर चालत होती, टाच टेकतच नव्हती म्हणा ना. केसांच्या सुटलेल्या बटा वर उचलल्या जात होत्या, संथपणे, आणि वारा तर पडलेला होता.

"ताई, पैसे परत माग त्या सर्जनकडून!" मेहुणा ओरडला. त्याचा आवाज जाडसर, उशीतून आल्यासारखा वाटला, आणि त्याचंच आम्हाला इतकं हसू आलं की थांबेनाच. मीसुद्धा. अंग इतकं हलकं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

मग आमच्यावरून एक लांबट सावली गेली. हळू. मध्येच थांबली... पुन्हा पुढे सरकली.

"विमान," मेहुणा म्हणाला.

"विमान वल्ही मारतं का हो?" त्याच्या बायकोने विचारलं. कारण तसाच आवाज येत होता. चुबुक... चुबुक... त्यावरही आम्ही हसलो. वर मात्र कोणीच पाहिलं नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

पलीकडच्या काठावर एक बाई जाळं विणत बसली होती. बाकीचे तिघं दीपगृहाच्या चढाला लागले. मी मागे राहिलो होतो.

"कुठल्या होडीने आलात काका?"

"होडी कसली, चालत आलो. वाळूवरून."

तिचे हात थांबले. तिने माझ्या कोरड्या बुटांकडे पाहिलं. "थट्टा करू नका हो. भरतीला तिथं दोन पुरुष पाणी असतं."

मी वळून पाहिलं. काठोकाठ खाडी. वाळूचा पत्ता नाही. मधोमध दोन पक्षी तरंगत होते.

मी पुस्तिका काढली, आणि या वेळी आतलं पान न पाहता मुखपृष्ठ पाहिलं. साल दोन वर्षांपूर्वीचं होतं. मी जुन्या पुस्तिकाही खणात जपून ठेवतो, सगळ्या निळ्या.

वरून बायको हाका मारत होती. "अहो, या ना! परततानाही वाळूवरूनच जाऊ हं!"

"नको," मी म्हणालो. "माझेच पाय दुखतायत."

"बघा, गुडघा हिचा आणि कुरकुर यांची!" मेहुणा म्हणाला. पुलावरून थेट बसथांब्यापर्यंत एका टेम्पोवाल्याने आम्हाला सोडलं. वाटभर माझी टिंगल चालली होती आणि मी बायकोचा हात सोडला नव्हता. तिला मी काही सांगितलं नाही. शस्त्रक्रिया छान झाली, ती आता माझ्यापेक्षा भरभर चालते. "त्या दिवसासारखं हलकं मात्र पुन्हा वाटलं नाही," असं कधीतरी म्हणते, आणि मी विषय बदलतो. मी त्यांना मरणातून नेलं होतं, की नुसताच सालाचा घोळ केला होता? पुस्तिका चुकीची छापली असेल, जाळंवालीने गंमत केली असेल, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं.

निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी धीर करून मी खाडीच्या होडी-कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने कुरकुरत जुनी नोंदवही काढून दिली. त्या तारखेची नोंद पेन्सिलीने केलेली आहे, आणि मी ती जशीच्या तशी उतरवून आणली:

"११.४०. पूर्ण भरती. पाणी संथ. खाडीच्या तोंडाशी बाया-पुरुषांच्या हसण्याचा आवाज, माणूस दिसत नाही. होडी घेऊन पाहून आलो. आवाज होडीच्या खालून."